टू-डी इकोत ‘एलव्हीएच’ आलं तर काय करायचं

मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी फिटनेस लागतो, म्हणून मी ईसीजी काढायला गेले. डोळ्यासाठी गेले आणि हृदयाचं दुखणं घेऊन घरी आले.

कुडाळात आमचा पापड-लोणच्यांचा घरगुती धंदा आहे. वय तेव्हा ५८. हंगामात पोत्यांनी कैऱ्या फोडणारी बाई मी, मला काय धाड भरणार, अशी माझी समजूत. जानेवारी २०२३ मधली गोष्ट. ईसीजीचा कागद बघून डॉक्टरांनी दाब मोजला, १७२/९८ निघाला.

“काकी, गोळी चालू आहे ना?”

“आहे की. डोकं दुखलं की घेते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहून दिला. रिपोर्टात होतं: कॉन्सेन्ट्रिक एलव्हीएच, ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन, ईएफ ६० टक्के. एलव्हीएच म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होणं, आणि कॉन्सेन्ट्रिक म्हणजे सगळीकडून सारखी. घरी येऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, “जाड झाली म्हणजे ताकद वाढली मां?” मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

तसं नसतं. मुसळ धरून धरून माझ्या तळहाताला घट्टे पडलेत. कातडी जाड झाली खरी, पण तिथला हात निबर झाला, बळकट नाही. डावा कप्पा दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतो. पुढच्या रक्तवाहिन्यांत दाब जास्त असला की प्रत्येक ठोक्याला त्याला जास्त रेटावं लागतं. वर्षानुवर्षं हे चाललं की स्नायूचे धागे जाड होतात, त्यांच्यामध्ये चिवट तंतू साठतात आणि भिंत ताठ होते. ताठ भिंत नीट सैलावत नाही, त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात कप्पा पुरेसा भरत नाही. ‘डायस्टॉलिक डिसफंक्शन’ म्हणतात ते हेच. मग रक्त मागे वरच्या कप्प्यात तुंबतं, तो ताणला जातो, ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. जिना चढताना दम लागतो. जाड स्नायूला रक्तही जास्त लागतं आणि तेवढं पोचत नाही. पक्षाघात, हार्ट फेल्युअर यांची शक्यता अशीच वाढत जाते. हे सगळं होत असताना माझं काहीही दुखत नव्हतं. देवळाच्या पायऱ्यांवर दम लागायचा, तो मी वयाच्या खात्यात टाकला होता.

आणि ती ६० टक्के ईएफ! तो आकडा बघून दोन शेजारणींनी मला पेढे मागितले. ईएफ म्हणजे आत आलेल्या रक्तातलं किती बाहेर गेलं. मुळात आत किती आलं, ते त्यातून कळत नाही. तेव्हा ईएफ चांगली आहे म्हणून एलव्हीएचकडे दुर्लक्ष करू नका.

पहिलं काम म्हणजे रिपोर्टातले तीन आकडे वहीत उतरवून घ्या. आयव्हीएस म्हणजे दोन कप्प्यांमधला पडदा, पीडब्ल्यू म्हणजे मागची भिंत आणि एलव्हीआयडी म्हणजे कप्प्याची आतली रुंदी. शेवटी डी असलेले, म्हणजे हृदय सैलावलेलं असतानाचे घ्यायचे. बाईची भिंत ९ मिलिमीटरपर्यंत आणि पुरुषाची १० पर्यंत ठीक धरतात. बऱ्याच रिपोर्टांवर सरसकट ६ ते ११ छापलेलं असतं, त्यामुळे ११ आलेल्या बाईला वाटतं सगळं आलबेल आहे. माझा पडदा १३, भिंत १३, रुंदी ४३.

यावरून स्नायूचं वजनही काढता येतं. मापं सेंटिमीटरमध्ये घ्या. तिन्हींची बेरीज ६.९, तिचा घन साधारण ३२८.५. त्यातून रुंदीचा, ४.३चा घन ७९.५ वजा केला की उरले २४९. याला १.०४ ने आणि मग ०.८ ने गुणायचं, त्यात ०.६ मिळवायचे. आले २०८ ग्रॅम. उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढतात, माझं १.६८ चौरस मीटर होतं. भागल्यावर १२४. बायकांत ९५च्या वर आणि पुरुषांत ११५च्या वर गेलं की जास्त. बऱ्याच रिपोर्टांत हा आकडा मशीनच काढून देतं, तेव्हा गणित नको वाटलं तर सोडा. मला हिशेबाची सवय आहे म्हणून मी केलं.

भिंत फक्त रक्तदाबानेच जाड होते असं नाही. महाधमनीची झडप अरुंद झाली तरी होते, काही घराण्यांत ते रक्तातूनच येतं. म्हणून डॉक्टरांनी मला विचारलं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का. असं कुणी असेल तर त्यांनी विचारण्याची वाट बघू नका, आपणहून सांगा. दुसरं, ईसीजी साधा आला म्हणून भिंत जाड नाही असं समजू नका. ईसीजीत पुष्कळांचं सुटून जातं.

आता घरी दाब मोजणं. यात मी इतक्या चुका केल्या की त्यांचीच एक वही होईल.

पहिली चूक मनगटावरचं मशीन. दिसायला नाजूक, पण हात जरा वरखाली झाला की आकडा बदलतो. दंडावरचं घ्या. घेण्याआधी शिवणाच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो. माझा दंड ३४. मुसळाची कृपा! लहान पट्टा लावला की दाब खोटा जास्त दिसतो, म्हणून मी मोठा पट्टा मागवला.

दुसरी चूक ब्लाउजची. घट्ट बाही वर सरकवली की ती बाहीच दंड आवळते, आणि बाहीवरूनच पट्टा बांधणंही चूक. मी मोजायच्या वेळी सैल गाऊन घालते. मोजण्याआधी लघवीला जाऊन यायचं. चहा, तंबाखू यांच्यानंतर अर्धा तास थांबायचं. आमच्याकडे बायका सकाळी मशेरी लावून लगेच मशीनपुढे बसतात. मशेरीतही तंबाखूच असतो, आकडा चढणारच. खरं तर मशेरी सुटली तर हृदयावर उपकारच होतील, पण ते एका दिवसात होत नाही हे मी माझ्या जावेवरून बघते आहे.

पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा. पाय जमिनीवर टेकलेले, एकावर एक नाहीत. आम्हाला पाटावर मांडी घालून बसायची सवय, तिथे ना पाठ टेकते ना हात नीट राहतो. हात टेबलावर ठेवून खाली एखादी उशी घ्या, म्हणजे दंड छातीच्या उंचीवर येतो. मांडीवर हात ठेवला की आकडा वाढतो. पाच मिनिटं गप्प बसा. मशीन चालू असताना बोलायचं नाही, सूनबाईने “मीठ किती घालू?” विचारलं तरी नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, त्यातला आवडता तेवढाच नव्हे. पहिल्या दिवशी दोन्ही हात मोजून बघा, ज्याचा जास्त येईल तोच पुढे धरा.

सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, आणि संध्याकाळी, असं सात दिवस करा. पहिला दिवस सोडून द्या, उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर दाब जास्त. माझी पहिली सरासरी सकाळची १५८/९४, संध्याकाळची १४९/९०. डॉक्टर मला कधीच नुसता एक आकडा विचारत नाहीत, वहीच मागतात. काहींचा दाब दवाखान्यात वाढतो आणि घरी ठीक असतो. उलटंही असतं, दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त, आणि ते जास्त वाईट, कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

रात्रीचंही बघायला हवं. झोपेत दाब उतरायला पाहिजे. ज्यांचा उतरत नाही त्यांच्या हृदयाला विश्रांतीच मिळत नाही. घरचा दाब ठीक येतोय आणि भिंत मात्र जाड, असं असेल तर चोवीस तास दंडावर बांधून ठेवायचं मशीन असतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. घोरत असाल, घोरताना मध्येच श्वास थांबतो असं घरच्यांनी सांगितलं असेल, तर तेही सांगा. सांगताना लाज कसली?

मिठावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मीठ हाच माझा धंदा.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. भाजीतलं, आमटीतलं, लोणच्यातलं, बिस्किटातलं सगळं धरून. मला वाटायचं आपण खातो तेवढंच असेल. मग एका सोमवारी मिठाची बरणी पापडाच्या काट्यावर ठेवली. वजन लिहिलं. मासे धुवायला आणि धंद्याला मीठ वेगळ्या डब्यातलं. पुढच्या सोमवारी परत वजन केलं तर ३१० ग्रॅम गेलेले. घरात माणसं चार. ३१० भागिले २८, म्हणजे माणशी रोज ११ ग्रॅम. त्यात लोणचं, पापड, सुका बांगडा धरलेलाच नाही. हा प्रयोग तुम्हीही करा. कुणाच्या सांगण्यापेक्षा आपल्या बरणीचं वजन जास्त पटतं.

मग माझ्याच मालाचा हिशेब मांडला. एक किलो कैरीच्या फोडींना मी १८० ग्रॅम मीठ घालते. तेल-मसाला धरून लोणचं दीड किलोच्या वर भरतं. म्हणजे पानात वाढलेल्या १५ ग्रॅमच्या एका चमच्यात दीड ग्रॅमहून जास्त मीठ. एक किलो उडदाच्या पिठात ६० ग्रॅम मीठ आणि पापड होतात ९०, म्हणजे एका पापडात पाऊण ग्रॅमच्या जवळपास. शिवाय पापडखार. तोही सोडियमचाच, जिभेला खारट लागत नाही एवढंच. जेवताना एक चमचा लोणचं आणि दोन पापड घेतले की दिवसाचं अर्धं मीठ तिथेच संपतं. गिऱ्हाइकाला हे सांगू नये, पण सांगते.

कोकणातला खरा चकवा आहे कोकम आगळ. सोलकढी पाचक, थंड, प्रकृतीला चांगली म्हणून आपण वाटीवर वाटी पितो. आगळ टिकावं म्हणून त्यात मीठ भरपूर घातलेलं असतं. आता मी घरापुरती आमसुलं मिठाशिवाय वाळवते आणि ती भिजवून कढी करते. रंग थोडा फिका येतो. खारवलेला बांगडा पाण्यात भिजवला तरी मीठ पुरतं जात नाही. तो मी महिन्यातून एकदा, पावसात, चोच मारल्यासारखा खाते. अजिबात सोडला असं खोटं कशाला सांगू?

मीठ एकदम बंद करू नका, घर बंड करतं. मी दर आठवड्याला बरणीतलं थोडं थोडं कमी केलं. पहिल्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी ताट बाजूला सारलं: “ह्या काय? मीठ घालूक इसारलंस?” मी म्हटलं, इसारलंय. आमटीला तिरफळ, तव्यावर परतलेली लसूण, लिंबू, ओलं खोबरं जरा जास्त, अशी सांभाळासांभाळ केली. पेजेत मीठ घालणं थांबवलं. भाताच्या पाण्यातलं मीठ काढलं ते तर कुणाला कळलंही नाही. दीड-दोन महिन्यांत जिभेला सवय होते. आता लग्नाघरची आमटी मलाच खारट लागते. अलीकडे बरणीचा आठवडा १३० ते १४० ग्रॅमवर आलाय, माणशी ५च्या आत. वरचं लोणचं-पापड धरून माझं सहाच्या आसपास जातं. पूर्वीपेक्षा निम्मं.

एक धोक्याची सूचना. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून ठोक्यांचं काही भलतंच होऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घ्यायचं नाही. सैंधव आणि काळं मीठ म्हणजेही मीठच, त्याला वेगळा न्याय नाही.

मीठ कमी केलं म्हणून गोळ्या सुटत नाहीत. माझी सगळ्यात मोठी चूक तीच होती. दाब ठीक आला की गोळी बंद, डोकं दुखलं की चालू. भिंत जाड झाली ती या चालू-बंदच्या वर्षांत. मला टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन दिल्या, पुढे क्लोरथॅलिडोन वाढवलं. अम्लोडिपिनने घोट्यांना सूज येऊ शकते, माझ्या आली. मी गोळी न थांबवता फोन केला आणि डोस बदलून मिळाला. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर काही आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासायला सांगतात, ती तपासणी टाळू नका. गोळ्यांची नावं वाचून माझ्या गोळ्या तुम्ही घेऊ नका, तुमचं मूत्रपिंड आणि साखर मला ठाऊक नाही.

माझी भाची फार्मसी शिकलेली. तिने सांगितलं ते मला फार पटलं. २००२ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ९१९३ माणसं, सगळ्यांना रक्तदाब आणि ईसीजीत जाड भिंत. अर्ध्यांना लोसार्टन, अर्ध्यांना अटेनोलॉल. दाब दोन्हीकडे जवळपास सारखाच उतरला. पण लोसार्टनवाल्यांची भिंत जास्त कमी झाली आणि पक्षाघात कमी झाले. टेल्मिसार्टन लोसार्टनच्याच जातीतली. म्हणजे जाडी मागे फिरते, आणि गोळी कुठली यानेही फरक पडतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना इकोचा कागद सोबत न्या. नुसत्या दाबाच्या आकड्यावर गोळी लिहून घेऊ नका.

गोळ्या परवडत नाहीत असं म्हणणाऱ्यांना: प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या फुकट मिळतात. उच्च रक्तदाबाच्या राष्ट्रीय उपक्रमात आमचा सिंधुदुर्ग सुरुवातीच्या जिल्ह्यांत होता. महिन्याच्या गोळ्या एकदम देतात. रांगेत उभं राहायला लागतं, तेवढाच चालण्याचा व्यायाम.

गुडघ्यासाठी मी मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळी घ्यायचे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी दाब वाढतो, आणि माझ्या गोळ्यांबरोबर घेतल्या तर मूत्रपिंडालाही त्रास होतो. सर्दीच्या काही गोळ्यांचंही तसंच, मेडिकलवाल्याला “मला ब्लडप्रेशर आहे” हे पहिलं वाक्य सांगा. पिठाचा गोळा कुटताना मी श्वास रोखून घाव घालायचे, तेही सोडलं. दम धरून जोर लावला की त्या क्षणी दाब उसळतो. आता कुटायला मुलगा आहे, मी लाटते. रोज अर्धा तास भरभर चालते, आठवड्यातून पाच दिवस तरी. वजन ६६ चं ६२ झालं, त्यात माझं कर्तृत्व कमी आणि पापड सुटल्याचं जास्त.

दाब १८०/१२०च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळा पडणं यांतलं काहीही असेल तर वहीत लिहीत बसू नका, १०८ ला फोन करा. ही लक्षणं असतील तर दाब किती आहे हेही बघत बसू नका. नुसताच आकडा मोठा आला आणि बाकी काही होत नसेल तर शांत बसून थोड्या वेळाने परत मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोळी दुप्पट करू नका.

दुसरा इको कधी, हे डॉक्टर ठरवतील. महिन्या-दोन महिन्यांत करून उपयोग नाही, स्नायू इतक्या लवकर बदलत नाही. शिवाय एक मिलिमीटर इकडे-तिकडे मोजणाऱ्याच्या हातानेही होतं, म्हणून शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर करा आणि जुना कागद न्या.

माझा दुसरा इको मार्च २०२४ मध्ये झाला, चौदा महिन्यांनी. घरच्या मोजणीची सरासरी तोवर १२६/७८ वर आली होती. पडदा ११, भिंत ११, रुंदी ४४. स्नायूचं वजन २०८ वरून १६९ ग्रॅम. वजन उतरल्याने शरीराचं क्षेत्रफळही थोडं उतरलं, भागाकार आला १०४, म्हणजे ९५च्या रेषेपेक्षा अजून वरच. डॉक्टर म्हणाले, “काकी, चाललंय ते चालू ठेवा.” डायस्टॉलिकचा शेरा तसाच आहे. देवळाच्या पायऱ्या मात्र आता मध्ये न थांबता चढते. पुढच्या इकोची चिठ्ठी देवघराच्या फळीवर ठेवली आहे. मी डॉक्टरांना म्हटलं, कैऱ्यांचा हंगाम आटोपला की येते. त्या दिवसांत माझा मिठाचा हात कसा चालतो तेही कळेल.